राजा चांगला कोणाला? रोमच्या कुळांची साक्ष

रोमच्या बादशहांचें कोणतेंही जुनें पुस्तक उघडा. त्यांत बादशहांच्या दोन रांगा लावलेल्या दिसतील. एक चांगल्यांची, दुसरी वाईटांची. ट्रेजन चांगला, अंतोनाईनस चांगला, मार्कस ऑरेलियस तर ऋषीच. कॅलिगुला वाईट, नीरो वाईट, डोमिशियन वाईट आणि कॉमोडस सर्वांत वाईट. मुलानें ही यादी पाठ म्हटली कीं मास्तर शाबासकी देतात आणि काम संपतें. पण शेतकरी बंधूंनो, बाजारांत बैल घेतांना आपण काय करतों? दलाल म्हणतो बैल गुणी आहे. तेवढ्यावर आपण पैसे मोजतों काय? आधीं विचारतों, बाबा रे, तूं कोणाचा दलाल? मग बैलाचे दांत पाहतों, खांदा पाहतों, चार पावलें चालवून पाहतों. इतिहासालाही तोच रिवाज लावला पाहिजे. हा राजा चांगला, असें म्हणतो कोण? तो कोणाच्या घरचा? त्याच्या ताटांत काय वाढलेलें होतें?

आम्हीं चौकशी केली तेव्हां आढळलें तें असें. टॅसिटस हा रोमच्या सीनेटचा सभासद. डिओ कॅसियस, तोही सीनेटचा सभासद. धाकटा प्लिनी, ज्यानें इ. स. १०० मध्यें ट्रेजनच्या तोंडावर त्याच्या स्तुतीचें लांबलचक भाषण केलें, तोही सीनेटचाच. स्वेटोनियस एक पायरी खालचा, सरदारवर्गांतला, आणि बादशहाच्या दफ्तरांत चिटणीस. आणि ही सीनेट म्हणजे काय? ऑगस्टस बादशहाच्या नियमानें ज्याची मिळकत दहा लाख सेस्टर्सची, त्यानेंच तेथें बसावें. सेस्टर्स हें त्यांचें नाणें. ही मिळकत बहुतेक जमिनीची, आणि ती जमीन कसणारे कोण तर कुळें आणि विकत घेतलेले दास. तेव्हां राजांचा निवाडा लिहिला तो जमीनदारांनीं. कुळाची साक्ष घ्यायला कोणी बांधावर गेलें नाहीं.

टॅसिटसनें तर ही गोष्ट लपविलीही नाहीं. इ. स. ६८ च्या जून महिन्यांत नीरोनें आत्महत्या केली. ती बातमी ऐकून रोममध्यें कोणाला काय वाटलें, याची वर्गवारीच त्यानें दिली आहे. सीनेटर आनंदले. वरचे सरदार आनंदले. सामान्य लोकांपैकीं जे मोठ्या घराण्यांना धरून होते, ते भले लोक. त्यांनाही आशा वाटली. उदास कोण झालें? तर रथांच्या शर्यती आणि नाटकगृहें यांची चटक लागलेली गलिच्छ प्रजा, हलकट गुलाम आणि घरदार उधळून बसलेले लोक. पाहिलेंत? जो रोज सकाळीं वाड्यावर मुजऱ्याला जातो तो भला माणूस, आणि जो जात नाहीं तो गलिच्छ! माणसाच्या मताची किंमत तो कोणाच्या ओसरीवर बसतो यावरून ठरली.

आतां स्वेटोनियस काय सांगतो तें ऐका. नीरो मेला त्या दिवशीं कित्येक लोक दासमुक्तीची टोपी डोक्याला घालून रस्त्यांतून धावले. हें खरें. पण त्यानंतर बरींच वर्षें कोणीतरी नीरोच्या थडग्यावर वसंतांतलीं आणि उन्हाळ्यांतलीं फुलें वाहत होतें. कोणी त्याचे पुतळे भर चौकांतल्या व्यासपीठावर आणून ठेवी. कोणी त्याचीं फर्मानें, जणूं तो जिवंत आहे आणि लवकरच परतणार आहे, अशा रीतीनें मांडी. पूर्वेकडच्या प्रांतांत तर पुढच्या वीस वर्षांत निदान तीन तोतये नीरो निघाले आणि त्यांच्यामागें माणसें जमलीं. ज्या राजाचा सगळ्यांनाच तिटकारा आला होता, त्याचा तोतया निघत नसतो.

आतां कोणी म्हणेल, तुम्ही नीरोची वकिली घेतलीत काय? मुळींच नाहीं. त्यानें इ. स. ५९ मध्यें सख्ख्या आईला मारविलें. बायकोला मारविलें. तो साव होता असें सांगण्यासाठीं आम्हीं लेखणी उचललेली नाहीं. आम्हांला एवढेंच दाखवावयाचें आहे कीं फुलें वाहणारा माणूस मूर्ख नव्हता. त्याच्या वहींत दुसरे आंकडे होते. इ. स. ५८ मध्यें जकातीच्या मक्तेदारांविरुद्ध लोकांनीं ओरड केली तेव्हां सगळ्या जकाती एकदम बंद करूं काय, असें या नीरोनें मनांत आणलें होतें. सीनेटरांनीं त्याच्या उदारपणाची आधीं तारीफ केली आणि मग, असें केल्यास राज्य बुडेल म्हणून त्याला थोपविलें. तरी मक्तेदारांचे नियम लोकांना वाचतां येतील असे उघड लावावे, एवढा हुकूम निघालाच. इ. स. ६४ च्या जुलैंत रोम जळलें तेव्हां बेघर झालेल्यांसाठीं त्यानें आपल्या बागा उघडल्या आणि धान्याचा भाव मापाला तीन सेस्टर्सवर आणला. ग्रीस देशाला त्यानें इ. स. ६७ मध्यें करमाफी दिली. पुढें व्हेस्पेशियननें ती काढून घेतली, आणि पुस्तकांत व्हेस्पेशियन चांगल्यांच्या रांगेंत आहे! पूर्वेकडे तोतये कां निघाले, याचा थोडा उलगडा येथें होतो.

पण म्हणून ही प्रजा धान्याच्या मापाला विकली गेली होती असें समजूं नका. आग विझल्यावर नीरोनें जळलेल्या जागेवर आपला सोनेरी महाल पसरविला, तेव्हां सारें रोम आतां एकाच माणसाचें घर होणार, लोकांनीं दुसरें गांव पाहावें, अशी टवाळी त्याच शहरांत फिरली. आणि त्याच्या तीन वर्षें आधींची एक गोष्ट आहे; ती शाळेच्या पुस्तकांत सहसा सांपडत नाहीं, म्हणून आम्ही सावकाश सांगतों.

इ. स. ६१. रोम शहराचा मुख्य अंमलदार पेडानियस सेकुंडस याचा खून त्याच्याच एका दासानें केला. जुनी वहिवाट अशी होती कीं धन्याचा खून घरांत झाला तर त्या छपराखालच्या एकूण एक दासांना ठार मारावयाचें. पेडानियसच्या घरीं दास होते चारशें. त्यांत बायका होत्या, पोरें होतीं, ज्यांना या खुनाचा वाराही लागला नव्हता असे म्हातारे होते. ही बातमी पसरतांच रोमची तीच 'गलिच्छ प्रजा' रस्त्यावर आली आणि तिनें सीनेटच्या इमारतीला गराडा घातला. निरपराध्यांना मारूं नका, एवढेंच तिचें मागणें होतें. आंत काय चाललें होतें? गायस कॅसियस नांवाचा, त्या काळचा सर्वांत मोठा कायदेपंडित, उठून बोलत होता. त्याचा युक्तिवाद असा कीं हे दास देशोदेशींचे, यांना धाकावांचून दुसरें कांहीं आवरूं शकत नाहीं. निरपराधी मरतील हें खरें, पण मोठ्या उदाहरणांत थोडा अन्याय असावयाचाच. कांहीं सभासदांच्या तोंडून हळहळ निघाली. पण उठून विरोध करण्याची छाती एकाचीही झाली नाहीं. ठराव झाला. बाहेर लोकांनीं दगड आणि मशाली हातीं घेऊन वाट अडविली. तेव्हां नीरोनें प्रजेला फर्मान काढून दटावलें, सगळ्या रस्त्यावर दुतर्फा शिपाई उभे केले, आणि त्या रांगांमधून चारशें जीव मारायला नेले.

आतां सांगा, गलिच्छ कोण? त्या गर्दींत परीट होते, लोहार होते, पाव भाजणारे होते. रोमच्या कारागीर वस्तींत मुक्त झालेले दास आणि त्यांचीं मुलें पुष्कळ. त्यांना फटक्याचा वळ कसा असतो हें पुस्तकांतून शिकावें लागत नव्हतें. त्या दिवशीं सीनेट आणि नीरो एका बाजूला होते आणि प्रजा दुसऱ्या बाजूला. पुढच्याच वर्षीं नीरोनें राणी ऑक्टेव्हियाला टाकलें तेव्हां हीच प्रजा नव्या राणीचे पुतळे पाडून ऑक्टेव्हियाच्या पुतळ्यांवर फुलें उधळीत राजवाड्यापर्यंत गेली आणि शिपायांचा मार खाऊन परतली. त्या टाकलेल्या बाईपासून तिला कोणतें धान्य मिळणार होतें?

जुवेनल नांवाच्या कवीनें या प्रजेला एक टोमणा मारून ठेवला आहे, कीं तिला आतां फक्त भाकरी आणि खेळतमाशे हवेत. दोन हजार वर्षें झालीं तरी शिकलेले लोक तो टोमणा चघळीत आहेत. कोठें कोणी धान्याच्या भावाबद्दल बोललें कीं हे म्हणणार, भाकरी आणि तमाशे! तर ह्या भाकरीचा हिशेब एकदां पाहूं. ऑगस्टसच्या काळीं रोममध्यें सुमारें दोन लाख पुरुषांना सरकारी धान्य मिळे. एकाला महिन्याला पांच मापें गहूं, म्हणजे आपल्या आजच्या वजनानें तेहतीस किलोच्या आसपास. एका गड्याला पुरून थोडें उरेल. बायको आणि चार पोरें यांत निभणार नाहींत. बाकीचें बाजारांतून विकत घ्यावयाचें. म्हणून भाव चढला कीं घरांत रड सुरू. आणि दुसरी बाजू? रोमच्या नागरिकाला इटलींतल्या जमिनीवर ख्रिस्तापूर्वीं १६७ पासून पुढें कित्येक शतकें सारा नव्हता. ज्याची जमीन मोठी त्याची माफी मोठी. गरिबाला मिळालें तें फुकटची भाकरी, आणि सीनेटराला सुटलें तें काय? त्याला कोणत्याही कवीनें नांव ठेविलें नाहीं.

तमाशाचेंही तसेंच. रोमच्या गरिबाला बादशहापुढें तोंड उघडावयाची जागा नाटकगृह आणि शर्यतीचें मैदान एवढीच. तीच त्याची चावडी. इ. स. ३२ मध्यें धान्य महागलें तेव्हां लोक नाटकगृहांत कित्येक दिवस टायबेरियसच्या नांवानें ओरडत राहिले. त्यानें सीनेटला आणि अंमलदारांना कडक शब्दांत विचारलें कीं तुम्हीं या लोकांना आवरलें कां नाहीं. इ. स. ५१ मध्यें शहरांत पंधरा दिवसांचेंच धान्य उरलें. क्लॉडियस भर चौकांत न्यायनिवाडा करीत बसला होता. लोकांनीं त्याला घेरलें, शिव्या दिल्या, पावाचे तुकडे फेकून मारले. तो कसाबसा मागच्या दारानें राजवाड्यांत शिरला. पण त्या पावाच्या तुकड्यांनीं काम केलें हो! हिवाळ्यांत धान्य आणणारें गलबत वादळांत सांपडलें तर नुकसान सरकार भरील, गलबतें बांधणारांना सवलती मिळतील, असे नियम क्लॉडियसनें केले. सीनेटच्या एखाद्या सुंदर भाषणानें इतकें काम झाल्याचें आमच्या तरी वाचनांत नाहीं.

सगळेच बादशहा असे मागच्या दारानें पळणारे नव्हते. शर्यतीच्या मैदानावर लोकांनीं कर कमी करा म्हणून विनविलें तेव्हां कॅलिगुलानें शिपाई घालून ओरडणाऱ्यांना पकडून तेथल्या तेथें मारलें. मैदान गप्प झालें. पुढें थोड्याच दिवसांत, इ. स. ४१ च्या जानेवारींत, त्याच्याच अंमलदारांनीं त्याचा खून केला. मग सीनेट म्हणूं लागली कीं बादशहाच नको, पूर्वींसारखें आम्हीच राज्य करतों. रोमच्या लोकांनीं नाचावयास हवें होतें, नाहीं काय? पण जोसीफस नांवाचा ज्यू इतिहासकार सांगतो कीं लोकांना बादशहा हवा होता. कां, तर सीनेटरांच्या हांवेला तेवढाच एक लगाम होता. एका मारकुट्या राजाचा जाच सोसूनही त्यांनीं सहाशें राजांपेक्षां एक पत्करला. हा हिशेब चुकीचा असेल, पण तो हिशेब होता. आंधळी भक्ति नव्हती. त्याच सुमाराला फीड्रस नांवाच्या एका मुक्त झालेल्या दासानें एक गोष्ट लिहिली. म्हातारा गाढव चारीत होता. शत्रूची आरोळी ऐकून म्हणाला, पळ, नाहींतर पकडतील. गाढवानें विचारलें, नवा धनी माझ्या पाठीवर एकाच्या जागीं दोन गोण्या घालील काय? म्हातारा म्हणाला, नाहीं. मग गाढव जागचें हललें नाहीं. दासाच्या पाठीवरून आलेलें हें राजनीतिशास्त्र आहे.

येथवर झालें तें रोम शहराचें. पण वाचकहो, शहराचा गहूं येतो कोठून? रोमला आठ महिने आफ्रिका जेवूं घालते आणि चार महिने इजिप्त, असें जोसीफसच्याच ग्रंथांत आहे. शहरांत भाव उतरला म्हणून जो आनंद झाला, त्याचा भार कोणाच्या तरी नांगरावर पडत होताच. मग त्या नांगरावरच्या माणसाचें बादशहाविषयीं काय मत होतें? ग्रंथांत शोधाल तर फुकट जाईल. तें दगडांत सांपडतें.

आजच्या ट्युनिशियांत, मेजेर्दा नदीच्या खोऱ्यांत, बादशहाच्या खाजगीकडची मोठी जमीन होती. तिचें नांव बुरुनितानस. तिथल्या कुळांनीं कॉमोडस बादशहाला, त्याच्या कारकिर्दीच्या सुरवातीच्या वर्षांत, म्हणजे इ. स. १८० नंतर लवकरच, एक अर्ज पाठविला आणि त्या प्रकरणाचा लेख दगडावर कोरून ठेवला. दगड सांपडला, आणि १८८० मध्यें मॉमसेन या जर्मन पंडितानें त्याचें विवरण छापलें. अर्जाची हकीकत अशी. जमिनीचा मक्ता अलियस मॅक्सिमस नांवाच्या एका धनवानाकडे. कुळांनीं पिकाचा ठरलेला हिस्सा द्यावा आणि वर्षाला सहा दिवस वेठीनें काम करावें: दोन दिवस नांगरणी, दोन खुरपणी, दोन कापणी. हा नियम हॅड्रियन बादशहाच्या कायद्यांत होता. मक्तेदार त्याहून जास्त मागूं लागला. कुळें बादशहाच्या कारभाऱ्याकडे गेलीं. पण मक्तेदारानें देणग्यांचा असा वर्षाव केला होता कीं कारभारी त्याच्या खिशांत! उलट कारभाऱ्यानें शिपाई पाठविले. कित्येकांना पकडलें, बेड्या घातल्या, छळलें. कित्येक रोमचे नागरिक होते, ज्यांना छडी लावणें हें रोमच्याच रीतीला सोडून, त्यांनाही फटके मारले. आम्ही आपल्या हातच्या कष्टावर जगणारे गरीब गांवढे, आम्ही त्या श्रीमंताला पुरे कसे पडणार, असें तीं माणसें बादशहाला सांगतात.

उत्तर आलें. सहा दिवसांहून जास्त वेठ घेऊं नये, कायमच्या नियमाविरुद्ध कांहीं मागूं नये, अशी कारभाऱ्यांना ताकीद. खालीं नांव कॉमोडसचें.

आतां त्याच कॉमोडसविषयीं डिओ कॅसियस काय लिहितो? डिओ स्वतः तेथें बसलेला होता. कॉमोडसनें रिंगणांत शहामृग मारला, त्याचें मुंडकें एका हातांत आणि रक्ताळलेली तलवार दुसऱ्या हातांत घेऊन तो सीनेटरांपुढें आला आणि दांत विचकून मान हलविली; तुमचेंही असेंच करीन, हा भाव. सीनेटरांना भीतीपेक्षां हंसूं येऊं लागलें. हंसले असते तर मेले असते. म्हणून डिओनें डोक्यावरच्या हारांतलीं पानें तोडून चावलीं आणि शेजाऱ्यांना चावायला सांगितलीं. हें खोटें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. कॉमोडसनें सीनेटर मारले, पैसा उधळला. इ. स. १९२ च्या शेवटच्या दिवशीं त्याचा खून झाला तेव्हां त्याचें प्रेत आंकड्यानें ओढीत न्या, अशी सीनेटनें गर्जना केली. तीही खरी. पण दगडही खरा आहे. ज्याच्या जिवाला धोका त्यानें क्रूर म्हणावें आणि ज्याची वेठ सहा दिवसांवर थांबली त्यानें हुकूम दगडावर कोरावा, यांत नवल काय? आमची तक्रार एवढीच कीं डिओचें पान शाळेंत पोहोंचलें आणि आफ्रिकेच्या कुळांचा दगड पोहोंचला नाहीं.

कॉमोडसनें तो अर्ज स्वतः वाचला असेल असेंही आम्ही मानीत नाहीं. दफ्तरांतल्या कोणा शहाण्या कारकुनाचें तें काम असेल. पण ज्या हॅड्रियनचा कायदा कुळांनीं पुढें केला, त्याची गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. इ. स. १३८ मध्यें हॅड्रियन मेला तेव्हां सीनेट त्याला देवपद द्यायला तयार नव्हती. त्याची जागा घेणाऱ्या अंतोनाईनसनें हट्ट धरला म्हणून तें मिळालें. आणि चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर समुद्रापलीकडचीं कुळें त्याच हॅड्रियनचा कायदा छातीशीं धरून उभीं आहेत! याच हॅड्रियनबद्दल डिओनें एक गोष्ट दिली आहे. तो प्रवासांत असतां एका बाईनें वाटेंत अर्ज पुढें केला. मला वेळ नाहीं, असें तो म्हणाला. मग राज्य करूं नकोस, असें ती ओरडली. तो मागें फिरला आणि त्यानें तिचें म्हणणें ऐकून घेतलें. हीच गोष्ट दुसऱ्या जुन्या राजांचीही सांगतात, तेव्हां ती बाई कोण, कोठली, याचा शोध व्यर्थ आहे. पण लोकांनीं ती पुन्हां पुन्हां सांगितली, यावरून राजा कशाला ठेवायचा असतो याविषयीं त्यांचें मत कळतें.

तें मत राजानें नेहमीं मानलें असेंही नाहीं. थ्रेस प्रांतांत, आजच्या बल्गेरियांत, स्काप्टोपारा नांवाचें खेडें होतें. गरम पाण्याचे झरे आणि जवळच मोठी जत्रा, म्हणून शिपाई आणि अंमलदार वाट वांकडी करून तेथें यावयाचे, फुकट राहावयाचे, फुकट जेवावयाचे. इ. स. २३८ मध्यें गांवकऱ्यांनीं फौजेंत असलेल्या आपल्याच एका गांवच्या माणसाच्या हातीं बादशहा तिसरा गॉर्डियन याच्याकडे अर्ज पाठविला: हा जाच थांबला नाहीं तर आम्ही वाडवडिलांचीं घरें सोडून जाऊं, मग तुमचा सारा कोण भरणार? बादशहा तेरा वर्षांचा पोर. त्याच्या दफ्तरांतून उत्तर आलें तें चार ओळींचें, कीं हें प्रकरण आधीं प्रांताच्या सुभेदारापुढें न्या. ज्या सुभेदारांचे हुकूम कोणी पाळीत नाहीं म्हणून गांव बादशहापर्यंत गेलें होतें, त्याच दारीं त्याला परत धाडलें. गांवकऱ्यांनीं आपला लांबलचक अर्ज आणि खालीं बादशहाचें तें चार ओळींचें उत्तर, दोन्हीं एकाच दगडावर कोरलीं.